भिवंडीचे माग व जपानचा उदयास्त

कल्याणच्या वाटेनें भिवंडीस येणाऱ्या पाहुण्यास गांव आधीं ऐकूं येतें आणि मग दिसतें, असें आमच्या घरांतील वडील मंडळी म्हणत असत. त्यांत अतिशयोक्ति फारशी नव्हती. कामवारी नदीच्या कांठच्या ह्या जुन्या गांवांत मागांचा खटखटाट रात्रंदिवस चालू असे. ब्राह्मण आळींत कोणी ओसरीवर पोथी वाचीत बसला तरी त्या आवाजाची साथ त्याला असेच. नव्या पाहुण्याला पहिल्या रात्रीं झोंप लागत नसे, आणि गांवच्या मनुष्याला माग बंद पडले कीं जाग येत असे. ज्या आवाजावर इतक्या घरांच्या चुली पेटतात त्याचा कंटाळा करूं नये, अशी आमच्या आजीची शिकवण होती.

ह्या आजीच्या लांकडी पेटींत एक पातळ होतें. फिकट अंजिरी रंगाचें, हातांत घेतलें तर पाण्यासारखें निसटणारें. दिसण्यांत रेशमाचें, परंतु सोंवळ्याला तें कधीं चाललें नाहीं. "तें जपानी आहे, लांकडाचें रेशीम," असें आजी सांगे. वर्षांतून एकदां तें उन्हांत घालण्यासाठीं बाहेर निघे, आणि त्या दिवशीं तिचें एक वाक्य ठरलेलें असे: "स्वस्त मिळालें म्हणून घेतलें खरें, पण त्याच वर्षीं पलीकडच्या मोमिनाचा माग बंद पडला." दोन गोष्टींचा एकमेकींशीं काय संबंध, हें त्या वयांत आम्हांस उमगत नसे. पुढें इतिहासाचीं पुस्तकें चाळतांना तो संबंध हळूहळू उलगडत गेला, आणि त्या पातळाचें एक टोंक भिवंडीच्या गल्लींत, तर दुसरें मांचुरियाच्या रणांगणांत आहे असें दिसूं लागलें. तीच कथा आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

मागाचें गांव

भिवंडीस विणकाम फार जुनें असलें तरी आज ज्या रूपांत तें आपण पाहतों त्याचा पाया घालणारे विणकर बहुतांशीं बाहेरून आले. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतील अनेक मोमीन विणकर कुटुंबें जीव आणि माग घेऊन दक्षिणेकडे निघालीं. कांहीं मालेगांवास थांबलीं, कांहीं भिवंडीस. येथें त्यांनीं आपल्या आयाबहिणींचीं लुगडीं विणलीं. एकादशीला आमच्या घरांत जें लुगडें नेसलें जाई, तें विणणारा पांच वेळां नमाज पढणारा असे. ह्यांत कोणाला कधीं कांहीं वावगें वाटलें नाहीं.

ज्यांनीं माग जवळून पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात व आडव्यांना बाणा. ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, अर्धे खालीं राहतात, आणि मधल्या फटींतून सुताची कांडी पोटांत घेतलेला धोटा ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत धांवतो. मग फणी पुढें येऊन नवा धागा ठोकून बसविते. वरचे धागे खालीं जातात, खालचे वर येतात, धोटा परत फिरतो. एवढ्याच क्रियेची अखंड पुनरावृत्ति म्हणजे कापड. हातमागावर हें काम विणकर हातापायांनीं करी, आणि घरांतील बायकामुलें ताणा लावण्यास व कांड्या भरण्यास बसत. घर हाच कारखाना व कुटुंब हेच कामगार, अशी ती व्यवस्था होती. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ती परकी वाटूं नये.

यंत्रमाग आपल्या प्रांतांत फार पूर्वीं आला. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग लाविला. भिवंडींत ही लाट पुढें आली. मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले जुने विलायती माग विकत घ्यावे, विजेवर चालवावे, आणि एका छपराखालीं चार, सहा, आठ माग मांडून धंदा करावा, अशी रीत पडली. हातमागवाला यंत्रमागवाला होऊं पाहत होता. नेमक्या त्याच सुमारास पूर्वेकडून जपानी कापडाची भरती आली.

आपण ज्याचे गोडवे गाइले

जपानविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत एके काळीं केवढा आदर होता, हें आज सांगूनहि खरें वाटणार नाहीं. १९०५ च्या मे महिन्यांत अॅडमिरल टोगोनें त्सुशिमाच्या समुद्रांत रशियाचें आरमार बुडविलें, तेव्हां आशियांतील एका राष्ट्रानें युरोपांतील एका बलाढ्य सत्तेस हरविलें ह्या बातमीनें हिंदुस्थानांतील घरोघर नवी उमेद आली. हा आदर केवळ लढाईपुरता नव्हता. महर्षि कर्वे यांच्या हातीं टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली, आणि तिच्यांतून त्यांस आपल्या कार्याची पुढील दिशा सांपडली. १९१६ सालीं पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ निघालें. त्यास १९२० सालीं पंधरा लक्षांची देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी हे मुंबईचे गिरणीमालक. म्हणजे आमच्या मुलींच्या शिक्षणाच्या वस्त्रांतहि एक धागा जपानचा होता व एक कापसाचा.

व्यापाराचा धागा ह्याहूनहि जुना आहे. हिंदुस्थानचा कापूस जपानला नेण्याचें काम पूर्वीं परदेशी जहाजकंपन्यांच्या हातीं असे, आणि त्या मागतील तें भाडें द्यावें लागे. ही मक्तेदारी मोडण्यासाठीं जमशेटजी टाटा यांनीं जपानच्या निप्पॉन युसेन कैशा ह्या कंपनीशीं हातमिळवणी केली. १८९३ च्या नोव्हेंबरांत कोबे बंदरांतून मुंबईच्या मार्गावर पहिलें जपानी जहाज निघालें. त्याचें नांव 'हिरोशिमा मारू'. दूर देशाशीं नियमित जहाजें चालविण्याचा जपानचा हा पहिलाच प्रयत्न होता. त्या जहाजांतून वऱ्हाड-खानदेशचा आंखूड धाग्याचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना गेला. तेथील कारागिरांनीं निरनिराळ्या देशांचा कापूस युक्तीनें मिसळून त्याचें सूत काढण्याची विद्या साध्य केली. थोड्याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांची चीनमधील सुताची बाजारपेठ जपाननें काबीज केली. आपलाच कापूस आपल्याच प्रतिस्पर्ध्याला पुरविण्यांत आपण भागीदार होतों. पण त्या वेळीं त्याची खंत कोणास वाटली नाहीं.

सुताराच्या मुलाचा माग

जपानची ही कर्तबगारी कांहीं केवळ सरकारी मदतीची नव्हे. शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत १८६७ सालीं एका सुताराच्या घरीं साकिची तोयोदा जन्मला. खेड्यांतील बायका हातमागावर कष्ट करीत, ते पाहून त्याच्या मनानें घेतलें कीं हा माग सुधारलाच पाहिजे. १८९० च्या सुमारास त्यानें सुधारलेला लांकडी हातमाग केला, आणि पुढें १८९६ सालीं यंत्रमाग. १९२४ सालीं त्यानें व त्याच्या माणसांनीं जो स्वयंचलित माग पुरा केला त्यानें लँकेशायरच्या अभिमानास धक्का बसला.

साध्या मागाचे दोन दोष विणकराला पुरे ठाऊक असतात. कांडीवरचें सूत संपलें कीं माग थांबवून धोटा बदलावा लागतो. आणि ताण्यांतला एखादा धागा तुटला व वेळेवर ध्यानांत आला नाहीं तर माग तसाच चालूं राहतो व कापडांत दोष उमटतो. तोयोदाच्या मागांत चालत्या वेगांत धोटा आपोआप बदलला जाई, आणि धागा तुटतांच माग आपण होऊन थांबे. एकेक कामगार वीसतीस माग सांभाळूं शके. १९२९ च्या डिसेंबरांत इंग्लंडांतील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित कंपनीनें ह्या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला. जगाला माग विकणाऱ्या इंग्रजांनीं जपानकडून माग शिकावा, हें नवल होतें. साकिचीचा मुलगा किइचिरो पुढें मोटारींच्या मागें लागला, आणि १९३७ सालीं मोटारींची स्वतंत्र कंपनी उभी राहिली. तोयोदाचें टोयोटा झालें. तिच्या आरंभींच्या मालांत मोठा भरणा मालमोटारींचा होता, आणि त्यांचें मोठें गिऱ्हाईक होतें जपानी लष्कर. धागा तुटतांच माग थांबविणारी बुद्धि तेथवर पोंचली. पण राष्ट्राचा माग थांबविणारी यंत्रणा मात्र कोणीं बसविली नव्हती.

एकामागून एक घास

जपानचा विस्तार एका दिवसांत झाला नाहीं. १८९५ सालीं चीनचा पराभव करून त्यानें फोर्मोसा, म्हणजे आजचें तैवान, घेतलें. १९०५ नंतर दक्षिण मांचुरियांतील रेल्वे व बंदरें त्याच्या ताब्यांत आलीं. १९१० सालीं त्यानें कोरिया सरळ खालसा केला. १९१५ सालीं युरोप महायुद्धांत गुंतलेला पाहून चीनपुढें एकवीस मागण्या टाकल्या. प्रत्येक वेळीं कारण नवें सांगितलें जाई. कधीं संरक्षण, कधीं व्यापार, कधीं आशियाचें हित. १९१६ सालीं कवींद्र रवींद्रनाथ जपानांत गेले तेव्हां त्यांनीं तेथेंच उभे राहून ह्या राष्ट्रवादाच्या नशेविषयीं इशारा दिला. आरंभीं त्यांचें उत्साहानें स्वागत करणाऱ्यांस तो रुचला नाहीं.

पुढें १९२९ ची जागतिक मंदी आली. जपानी शेतकऱ्यांच्या घरचें रेशीम अमेरिकेंत खपेनासें झालें, खेड्यांत उपासमार झाली, आणि लष्करांतील तरुण अधिकाऱ्यांस वाटूं लागलें कीं आपल्या प्रश्नाचें उत्तर मांचुरियाच्या कोळशांत, लोखंडांत व मोकळ्या जमिनींत आहे. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्रीं मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर एक लहानसा स्फोट झाला. तो जपानच्याच क्वांटुंग सेनेंतील अधिकाऱ्यांनीं घडवून आणला होता. आळ मात्र चिनी सैनिकांवर आला, आणि त्या निमित्तानें कांहीं महिन्यांत सारा मांचुरिया गिळला गेला. १९३२ सालीं तेथें मांचुकुओ नांवाचें बाहुल्यांचें राज्य उभें करून चीनच्या पदच्युत बादशहास, पुयीस, त्याच्या डोक्यावर बसविण्यांत आलें. राष्ट्रसंघानें चौकशीस पाठविलेल्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड लिटन हे पूर्वीं बंगालचे गव्हर्नर होते. त्यांचा अहवाल १९३३ च्या फेब्रुवारींत मान्य होतांच जपानचे प्रतिनिधि मात्सुओका सभागृह सोडून निघून गेले, आणि लवकरच जपान राष्ट्रसंघांतूनहि बाहेर पडलें.

कापसाचें युद्ध

आतां आजीच्या पातळाकडे परत येऊं. १९३१ च्या डिसेंबरांत जपाननें सोन्याचें नाणेंमान सोडलें आणि येनचा भाव कोसळला. जपानी माल जगभर एकाएकीं स्वस्त झाला. बाहुल्या, कांचेचीं भांडीं, छत्र्या, गंजिफ्रॉक, सुती कापड आणि लांकडाच्या लगद्यापासून केलेलें नकली रेशीम ह्यांनीं आपले बाजार भरून गेले. 'जपानी माल' ह्या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेंत 'स्वस्त आणि लवकर मोडणारा' असा झाला तो ह्याच काळांत. १९३३ च्या सुमारास सुती कापडाच्या निर्यातींत जपाननें इंग्लंडलाहि मागें टाकलें.

मुंबईच्या गिरणीमालकांनीं ओरड केली. सरकारनें ब्रिटनेतर कापडावरील जकात १९३२ च्या ऑगस्टांत शेंकडा ५० केली आणि १९३३ च्या जूनमध्यें शेंकडा ७५. ह्यावर जपानी गिरण्यांनीं असा डाव टाकला कीं हिंदुस्थानचा कापूसच घ्यावयाचा नाहीं. गिरणीवाल्याला जकातीनें जो दिलासा मिळाला त्याची किंमत वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यानें मोजावी, अशी वेळ आली. अखेर सप्टेंबरपासून सिमला व दिल्ली येथें वाटाघाटी होऊन १९३४ च्या जानेवारींत तडजोड ठरली. जपाननें वर्षाला दहा लक्ष गासड्या कापूस घेतल्यास त्यास साडेबत्तीस कोटि वार कापड पाठवितां यावें. पंधरा लक्ष गासड्या घेतल्यास चाळीस कोटि वार. जकात परत शेंकडा ५० वर आली.

ह्या तहाच्या मेजाभोंवतीं गिरणीमालक होते, कापसाचे व्यापारी होते, दोन सरकारांचे अधिकारी होते. हातमागवाला तेथें नव्हता. वार आणि गासडी ह्यांच्या हिशेबांत त्याचा माग कोणत्याच रकान्यांत बसत नव्हता. आमच्या आजीनें पैसा-आणा वांचवून पातळ घेतलें, त्यांत तिचा दोष नव्हता. त्या मंदींत घर चालविणाऱ्या बाईनें काटकसर करावयाची नाहीं तर काय करावयाचें? परंतु तिच्या मनाला टोंचणी लागली, आणि ती जन्मभर राहिली. ही टोंचणी आम्हांस मोलाची वाटते. आपल्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी कोठेंतरी मोजीत असतो, हें ज्ञान अर्थशास्त्राच्या परीक्षेनें येतेंच असें नाहीं.

सोलापूरचा डॉक्टर

७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगजवळच्या पुलापाशीं चकमक होऊन जपाननें चीनवर उघड युद्ध पुकारल्यासारखेंच केलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत नानकिंग पडलें, आणि तेथें निःशस्त्र नागरिकांवर जे अत्याचार झाले त्यांनीं जग हादरलें. ज्या राष्ट्राचे आपण गोडवे गाइले तेंच हें काय, असा प्रश्न हिंदी मनाला पडला. १९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा काँग्रेसनें चीनबद्दल सहानुभूति दाखवून जपानी माल न घेण्याचें आवाहन केलें, आणि चीनला एक वैद्यकीय पथक धाडण्याचें ठरलें. १ सप्टेंबर १९३८ रोजीं पांच डॉक्टर मुंबईहून 'राजपुताना' बोटीनें निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. सोलापूर हेंहि मागांचें गांव. कोटणीस त्या वेळीं अट्ठावीस वर्षांचेहि नव्हते.

बाकीचे सोबती यथावकाश परतले; कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या डोंगरांत त्यांनीं जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा आत्मसात केली, बेथून शांति रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि क्वो चिंगलान ह्या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ सालीं त्यांस मुलगा झाला. त्याच्या 'यिनह्वा' ह्या नांवांत एक अक्षर हिंदुस्थानचें व एक चीनचें. त्याच वर्षाच्या ९ डिसेंबरास, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्या जीवनावर बोलपट काढला.

इतिहास सरळ रेषेंत चालत नाहीं, ह्याचें एक उदाहरण येथेंच आहे. पथक गेलें तेव्हां काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. तेच १९४३ सालीं जपानला जाऊन त्याच्या साह्यानें आझाद हिंद सेना घेऊन उभे राहिले. कोणीं परकीय सत्तेस हरविण्यासाठीं जपानचा हात धरला, कोणीं जपाननें जखमी केलेल्यांची सेवा करीत देह ठेवला. दोघेहि देशभक्त होते. त्यांच्यापैकीं एकाला मोठें करण्यासाठीं दुसऱ्याला लहान करण्याचा मोह वाचकांनीं टाळावा, इतकीच आमची विनंति आहे.

धागा तुटला

१९४१ च्या जुलैंत जपानी सैन्य इंडोचीनच्या दक्षिण भागांत शिरलें, आणि अमेरिका व ब्रिटन यांनीं जपानी मालमत्ता गोठविली. तेलाचा पुरवठा तुटला. माघार घ्यावी तर अपमान, पुढें जावें तर महायुद्ध. जपाननें महायुद्ध पत्करलें. डिसेंबरांत पर्ल हार्बरवर बाँब पडले. इकडे जपानी सूत आणि जपानी कापड यावयाचें पूर्ण बंद झालें. ज्या स्पर्धेनें भिवंडीचा विणकर मेटाकुटीस आला होता ती एका रात्रींत नाहींशी झाली. पण सुख म्हणावें तर तेंहि नव्हे. गिरण्या लष्कराचें कापड विणूं लागल्या, सुताचे भाव चढले, १९४३ सालीं कापडाच्या किंमतींवर नियंत्रण आलें, आणि रांगेंत उभें राहून लुगडें मिळविण्याचे दिवस आले. आजीचें अंजिरी पातळ त्या दिवसांत लग्नांत नेसण्यासाठीं शेजारपाजारीं मागून नेत असत.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमा जळलें, तीन दिवसांनीं नागासाकी. साम्राज्य संपलें.

पेन्सिलीएवढा अग्निबाण

उदय आणि अस्त झाला. पण मनुष्याची विद्या अस्तास जात नाहीं. ती कोणत्या कामास लागावी हाच प्रश्न उरतो. हिदेओ इतोकावा नांवाचा तरुण १९३५ सालीं टोकियोच्या विद्यापीठांतून विमानविद्येची पदवी घेऊन नाकाजिमा कंपनींत लागला. लष्करासाठीं त्या कंपनीनें जीं लढाऊ विमानें बनविलीं, त्यांतल्या 'हायाबुसा'च्या रचनेंत त्याचा हात होता. ब्रह्मदेशाच्या आकाशांतून हिंदुस्थानच्या दिशेनें आलेल्या जपानी विमानांत 'हायाबुसा' असत. पराभवानंतर जपानला विमानें बांधण्याची कित्येक वर्षें बंदी होती. इतोकावा नादशास्त्राकडे वळला, आणि त्यानें व्हायोलिन करण्याचा प्रयोगहि केला. बंदी उठल्यावर त्याला वाटलें, जेट विमानांत आपण इतके मागें पडलों आहों कीं त्यांचा पाठलाग करण्यापेक्षां एकदम अग्निबाणाकडेच वळावें.

पैसा अगदीं थोडा होता, आणि हातीं असलेलें घनरूप इंधन पोकळ कांडीसारखें, बोटाएवढें. तेव्हां बाणहि त्या मापाचा केला. लांबी २३ सेंटिमीटर, जाडी १.८ सेंटिमीटर, वजन सुमारें २०० ग्रॅम. 'पेन्सिल' हें नांव त्यास शोभलें. चांचणीची तयारी पाहण्यासारखी होती. उडत्या बाणाचा माग काढणारें रडार जवळ नव्हतें. म्हणून बाण वर न सोडतां आडवा सोडावयाचें ठरलें. टोकियोजवळच्या कोकुबुंजी येथें बंदुकांच्या चांचणीची एक जुनी जागा रिकामी पडली होती. तेथें बाणाच्या वाटेंत ठराविक अंतरावर कागदाचे पडदे उभे केले आणि प्रत्येक पडद्यावर बारीक तार बसविली. बाण पडदा भेदून जाई, तार तुटे, आणि तुटल्याचा क्षण यंत्रावर नोंदला जाई. दोन तारांमधील वेळेवरून वेग निघे, आणि कागदावरील भोंकांवरून बाण किती कलला, किती फिरला, तें कळे. पंखांचा कोन बदलून, टोंकाचा धातु बदलून पुनःपुन्हां बाण सोडले गेले. १२ एप्रिल १९५५ रोजीं हा प्रयोग लोकांसमोर झाला. तोयोदाच्या मागांत धागा तुटला कीं माग थांबे; येथें तार तुटली कीं ज्ञान पुढें सरके. कामाची जात एकच, चिकाटीची.

त्याच वर्षीं ६ ऑगस्टास आकितामधील मिचिकावाच्या समुद्रकांठीं थोडा मोठा बाण प्रथमच आकाशाकडे सोडण्यांत आला. पहिला प्रयत्न फसून बाण वाळूंत पडला. दुसरा सुमारें ६०० मीटर उंच गेला व १६.८ सेकंद उडाला. हिरोशिमाला त्या दिवशीं बरोबर दहा वर्षें पुरीं झालीं होतीं. पंधरा वर्षांनीं, ११ फेब्रुवारी १९७० रोजीं, जपाननें आपला पहिला उपग्रह आकाशांत स्थिर केला.

आपल्याकडेहि हीच विद्या अशाच साधेपणानें आली. केरळांतील थुंबा हें मच्छीमारांचें गांव निवडण्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा वाटा मोठा होता. तेथल्या चर्चच्या इमारतींत बाणाची जुळणी झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं पहिला बाण सोडण्याच्या वेळीं यारीच्या द्रवदाबयंत्रणेस गळती लागली, तेव्हां मंडळींनीं हातांनीं जोर लावून तो जागेवर बसविला, आणि सायंकाळीं तो उडाला. पुढें घनरूप इंधनाच्या कामांत पुण्यास जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घातलीं. १० ऑगस्ट १९७९ चें उड्डाण फसलें. १८ जुलै १९८० रोजीं आपल्या बाणानें आपला उपग्रह आकाशांत नेला.

उरलेला धागा

भिवंडीचे माग आजहि चालतात, जरी पूर्वीइतके नाहींत. देशांतील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांत तिची गणना होते; परंतु साधे जुने माग मोडींत निघत आहेत, आणि कित्येक जुन्या मागशाळांच्या जागीं वखारी उभ्या राहिल्या आहेत. ज्यांस भांडवल आहे ते धोट्याविना चालणारे माग आणतात. त्यांतल्या एका जातींत आडवा धागा हवेच्या झोतानें पलीकडे फेंकला जातो, आणि असे माग बनविणाऱ्यांत तोयोदाचा कारखाना आजहि अग्रभागीं आहे. ज्यानें एके काळीं भिवंडीच्या विणकरास पाण्यांत पाहिलें, त्याचेंच यंत्र आज त्याच्या नातवाला हवें आहे. ह्यांत लाज नाहीं. शिकण्यासारखें असेल तें शत्रूकडूनहि शिकावें, हें शहाणपण जुनें आहे.

मात्र काय शिकावें आणि काय शिकूं नये, ह्याचा विवेक घरांतच व्हावा लागतो. १९०५ सालीं आपल्या वाडवडिलांनीं जपानचें सामर्थ्य पाहिलें आणि त्यास नमस्कार केला. त्यांतली शिस्त, कारागिरी, मुलींच्या शिक्षणाची हौस घेण्यासारखीच होती, व कर्व्यांनीं ती घेतली. परंतु सामर्थ्य हेंच सद्गुण मानण्याची चूकहि त्यांत मिसळली होती, आणि कोरियाच्या मनुष्यास त्या सामर्थ्याखालीं काय वाटत असेल, असा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. आज आपण एखाद्या राष्ट्राचें, एखाद्या पुढाऱ्याचें, किंवा आपल्या स्वतःच्याच देशाचें सामर्थ्य पाहून हरखून जातों, तेव्हां हा प्रश्न मुलांसमोर बोलून दाखवावा असें आम्हांस वाटतें.

तें अंजिरी पातळ आमच्याकडे अद्यापि आहे. घड्यांवर तें विरलें आहे आणि नेसण्याजोगें राहिलेलें नाहीं. घरांतल्या सुनेनें एकदां विचारलें, "हें टाकून द्यावयाचें का?" आम्हीं नको म्हणालों. वर्षांतून एकदां तें उन्हांत घालतों, आणि मुलांना जवळ बसवून आजीचें तें वाक्य सांगतों. पलीकडच्या मोमिनाचे नातू अजून तेथेंच राहतात. त्यांचे चार माग चालूं आहेत. वाऱ्याची दिशा अनुकूल असली म्हणजे त्यांचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येतो.